उघड्या तोंडाचा आठ

मोहरीलकाकांचा इंग्रजी आठ वरून उघडा असायचा. पेन दोन वळसे घेऊन परत वर यायचं, पण जिथून निघालं तिथं जाऊन टेकायचं नाही. केसभर अलीकडेच थांबायचं. त्यामुळे काकांचा आठ म्हणजे थेट मराठी चार. हे एवढं बारीक सांगते आहे, कारण मला जे सांगायचं आहे ते सगळं त्या फटीतून आत शिरलेलं आहे. आजवर मी ते कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला सांगितलं तेही अर्धंच, आणि अशा बेतानं की त्यानं म्हणावं, "त्यात तुझी काय चूक?" तो तसं म्हणालाही.

काकांना मी पहिल्यांदा पाहिलं २००२ च्या हिवाळ्यात, अमेरिकेत, मिशिगनमधल्या ॲन आर्बरच्या एका चर्चच्या हॉलमध्ये. मराठी मंडळींचं जेवण होतं. बाहेर बर्फ साचलेला, आत पुरुषांच्या टेबलावर कुणाच्या कंपनीत किती माणसं काढली याची दबक्या आवाजात चर्चा. मी लग्न होऊन वर्षभरापूर्वी आले होते, एच-फोरवर. म्हणजे नवऱ्याच्या व्हिसाच्या शेपटीला बांधलेली. पगाराचं काम करायला बंदी. कोपऱ्यात एक उंच, जरासे वाकलेले गृहस्थ बसले होते. इस्त्रीचा पांढरा शर्ट, आणि खिशात पेनाशेजारी चक्क एक टूथब्रश.

"शिक्षण काय झालं तुझं?" त्यांनी विचारलं.

"एम.एस्सी. झूलॉजी. पुण्याला."

"मग इथे काय करून राहिलीस?"

"एच-फोर आहे ना काका. काही करता येत नाही."

"काही करता येत नाही असं कुठं लिहिलं आहे बाप्पा? पगार घेता येत नाही असं लिहिलं आहे. म्हातारीकडे ये. तिथे हात कमी पडतात."

मला वाटलं कुणा आजारी बाईच्या सोबतीला जायचं असेल. त्यांच्या पत्नी, शरयूकाकू, शेजारी भाताच्या भांड्यावर फॉइल लावत होत्या. त्या म्हणाल्या, "घाबरू नकोस गं. ती म्हातारी सात कोटी वर्षांपूर्वीच गेली आहे. सेवा मात्र अजून चालू आहे. आमच्याकडे जिवंत माणसाला एवढी मिळत नाही."

म्हातारी म्हणजे डायनोसॉर. बदकासारख्या तोंडाची, झाडपाला खाणारी, माँटानातल्या टेकड्यांमधून खणून आणलेली. आमच्या गावापासून चाळीस मिनिटांवर एक छोटं म्युझियम होतं, त्याच्या तळघरात ती प्लास्टरच्या कवचांमध्ये तुकड्यातुकड्यांनी पडून होती. म्युझियमचं नाव लिहीत नाही. काका एका मोटार कंपनीच्या ओतशाळेत आयुष्यभर साच्यांची वाळू तपासत बसलेले; निवृत्त झाल्यावर तिसऱ्याच दिवशी या तळघरात येऊन बसले, ते बसलेच. पगार शून्य. खरं शिक्षण भूगर्भशास्त्राचं, नागपूरचं. एकेक कवच फोडायचं, आतल्या खडकातून हाड मोकळं करायचं, तडा गेला असेल तिथं गोंदाचा थेंब सोडायचा. हत्यारं दाताच्या डॉक्टरनं टाकून दिलेली. आणि टूथब्रश.

काम शिकवताना ते फार बोलत नसत. एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत. सुई खडकातून चालली आहे, मध्येच रंग जरा वेगळा दिसला, हे हाड की दगड असं मनात आलं, की थांबायचं. नुसतं थांबायचं नाही, तर दोन्ही हात उचलून खांद्याच्या वर न्यायचे, तळवे समोर करून, पोलिसानं पकडल्यासारखे. "शंका आली की हात वर," ते म्हणत. "हात हाडाजवळ राहिले की ते काही तरी करतातच. हातांना धीर नसतो."

मला पहिल्यांदा हसू आलं. पण तासाभरात काका स्वतः चार वेळा हात वर करून बसले. टेबलावरच्या दिव्याखाली हाड, आणि त्याच्यासमोर हा सहा फुटी माणूस शरण आल्यासारखा. मग उठायचे, चहा प्यायचे, भिंग घेऊन परत यायचे. एका पाठकण्याच्या मणक्याला दोन महिने लागत. "तिला घाई नाही," म्हणायचे. "मला आहे, पण माझं कोण विचारतं?"

घाई कसली, ते तळघराच्या कोपऱ्यात ठेवलेलं होतं. सगळ्यात मोठं कवच, लाकडी फळीवर, वर जुनी चादर. त्यात म्हातारीचं डोकं होतं. काकांनी ते राखून ठेवलं होतं. आधी शेपूट, मग पाय, मग फासळ्या, डोकं शेवटी. रोज घरी निघताना ते चादरीवर दोन बोटं टेकवत. "एवढं उघडलं की मी मोकळा," म्हणत. सत्तरी जवळ आलेली, उजवा हात कधीकधी थरथरायचा, तेव्हा तो डाव्या हातानं दाबून धरत आणि माझ्याकडे बघून म्हणत, "काकूला सांगू नकोस. ती लगेच चाकूसुद्धा काढून घेईल."

शनिवारी शाळांच्या बस यायच्या. काका वर येऊन एका टेबलावर म्हातारीच्या मांडीच्या हाडाचा एक तुकडा ठेवून उभे राहत. मुलं त्यांना मिस्टर मो म्हणत. पाटी नाही, पडदा नाही. "सांगून काय होतं? हात लावा." हे ते इंग्रजीत सांगत, पण हेल नागपुरी. आणि हात लावायची रांग लागली की गोष्ट सुरू. कॉलेजात असताना प्राध्यापकांबरोबर ते वरोऱ्याकडे, पिसदुऱ्याला, शेतातल्या दगडांमध्ये हिंडले होते. तिथला एक जड, गुळगुळीत तुकडा खिशात घालून घरी आणला. आईनं तो स्वच्छ धुतला आणि लोणच्याच्या बरणीत फोडींवर दडपण म्हणून ठेवून दिला. चार महिन्यांनी सरांनी विचारलं, तेव्हा कळलं की ते हाड आहे. "माय मदर किल्ड द पिकल विथ अ डायनोसॉर," काका म्हणत, आणि पुढची ओळ मुलांना पाठ झालेली असे: "अँड इट स्मेल्ड ऑफ हिंग फॉर अ इयर!" हिंग म्हणजे काय हे मिशिगनमधल्या एकाही पोराला ठाऊक नव्हतं. सगळी ओरडत मात्र.

एकदा या टेबलाशी एक बाप आला. जाड मनगटं, टोपी, सोबत सात-आठ वर्षांची मुलगी. न्यूयॉर्कचे टॉवर पडल्यापासून आम्हा लोकांकडे पाहण्याच्या नजरा जरा बदललेल्या होत्या, आणि त्याची नजर मला दारातूनच कळली.

"हे किती जुनं म्हणता?" त्यानं विचारलं.

"सुमारे सात कोटी वर्षं."

"पृथ्वीच सहा हजार वर्षांची आहे. पोरांना काय शिकवता तुम्ही? आणि तुम्ही आहात कुठले?"

मी टेबलाची कड धरली. काका शांतपणे म्हणाले, "नागपूर, सर. तुम्ही?"

"इथलाच."

"मग ही तुमच्या बाजूची आहे. मी पाहुणा. वर्षं तुमची तुम्ही ठेवा. मुलीला फक्त हात लावू द्या."

मुलगी बापाकडे बघत होती, हात अर्धा पुढे आलेला. शेवटी त्यानं मान हलवली. मुलीनं आधी एक बोट लावलं, मग सगळा पंजा. तो मात्र दोन्ही हात जाकिटाच्या खिशात घालून उभा. पुढच्या शनिवारी तो परत आला, त्याच्या पुढच्याही. मुलगी हात लावायची, हा खिशात. काकांनी त्याला कधी आग्रह केला नाही. मला म्हणाले, "त्याचेही हात वरच आहेत. खिशात घातले आहेत एवढंच."

२००५ साली म्युझियमनं ठरवलं की म्हातारीला उभी करायची. डोकं सोडून. डोक्याच्या जागी तूर्त साच्यातून काढलेली नक्कल लावायची, आणि काकांनी खरं डोकं मोकळं केलं की ते बसवायचं. शाळांसाठी, लोकांसाठी मोठा हॉल. प्रदर्शनाची सगळी जबाबदारी कॅरनकडे होती. कॅरन पन्नाशीची, चटपटीत, चांगली बाई. हाडांना आधार द्यायचा लोखंडी सांगाडा गॅरी नावाचा कारागीर ओहायोतल्या आपल्या वर्कशॉपमध्ये करणार होता. त्याला हवी होती फक्त यादी: कुठल्या नंबरचं हाड कितव्या जागी.

ही यादी काकांच्या वहीत होती. हाडाचा नंबर ते कवचावरून इंग्रजीत उतरवून घेत. त्याची जागा मात्र मराठी आकड्यात लिहीत. "बेरीज-वजाबाकी मराठीतच होते डोक्यात," म्हणत. "चाळीस वर्षं इकडं काढली, पण सात आणि पाच बाराच होतात, ट्वेल्व्ह होत नाहीत." म्युझियममध्ये ती वही मी सोडून कुणाला वाचता येत नसे, आणि मला त्याचा अभिमान होता. मी मिरवतच असे तो.

त्याच सुमाराला म्युझियममध्ये नोंदी ठेवणाऱ्याची एक जागा निघाली. पगाराची. कॅरन म्हणाली होती की बोर्डाला पटलं तर माझे व्हिसाचे कागद ते करतील. माझ्या स्वतःच्या नावाचा व्हिसा. चार वर्षं मी दुकानात कार्ड पुढं करताना नवऱ्याचं नाव वाचत होते. ही जागा मला किती हवी होती ते आता लिहिलं तर पोरकट वाटेल. तेव्हा मला रात्रंदिवस दुसरं काही सुचत नव्हतं.

आणि नेमके काका नागपूरला गेले. बहीण अखेरच्या आजारात होती. जाताना वही माझ्या हातात दिली, नागपूरच्या घरचा फोन नंबर एका चिठ्ठीवर लिहून पहिल्या पानाला टाचणीनं लावला. "काही अडलं तर कर फोन. वेळबीळ पाहू नकोस."

हाडं गॅरीकडे गेली. यादी टाइप करायला मी बसले तो दिवस शुक्रवारचा. पाच वाजेपर्यंत गॅरीला हवी होती. शेपटीच्या पानावर आले आणि थांबले. शेपटीत चौथ्या जागेचे मणके दोन होते. एका ओळीत ४, आणि चार ओळी खाली परत ४. आठवा नव्हताच. समजायला क्षणही लागला नाही. त्यातला एक इंग्रजी आठ होता. कुणी पाहुणा समोर बसला असताना काकांनी ती ओळ इंग्रजीत लिहिली असणार, आणि आठाचं तोंड नेहमीसारखं उघडं राहिलं.

पण कुठला?

मी भिंग घेऊन पाहिलं. दोन्ही सारखे. हाडं समोर असती तर हातात घेऊन कळलं असतं. शेपूट मागं जाईल तसे मणके बारीक होतात. हाडं ओहायोत होती. चिठ्ठी पहिल्या पानावर होती.

नागपुरात तेव्हा रात्र होती, आजारी माणसाच्या घरात फोन कसा करायचा, असं मी नंतर कैक वर्षं स्वतःला सांगत आले. खरं ते असं आहे: मिशिगनमध्ये सकाळचे दहा वाजले होते. नागपुरात संध्याकाळ. दिवेलागणीची वेळ. फोन खुशाल करता आला असता.

मी रिसीव्हरकडे हात नेलाही. तेवढ्यात कॅरन दारात आली.

"कसं चाललं आहे? सगळं लागतं आहे ना त्याचं अक्षर?"

"सगळं," मी म्हणाले.

"यू आर अ लाइफसेव्हर. मंगळवारी बोर्डाला मी हेच सांगणार आहे. की तुझ्याशिवाय ही वही म्हणजे कोडं आहे."

ती गेली. आणि मी दोन चारांपैकी खालच्या चाराला आठ केलं. का, तर आठ हा आकडा चारानंतर येतो, म्हणून तो खाली असेल. वहीतली हाडं कवच फुटेल त्या क्रमानं लिहिलेली होती, वर-खालीला काही अर्थ नव्हता, हे मला तीन वर्षं माहीत होतं. तरी केलं. शंका आली होती. हात की-बोर्डवरच होते.

काका परतले ते बहिणीचे दिवस करून, उद्घाटनाच्या आदल्या संध्याकाळी. सकाळी ते सरळ हॉलमध्ये आले. चार शाळांची मुलं, शिक्षक, गावातले लोक, एका स्थानिक वर्तमानपत्राचा फोटोग्राफर. म्हातारी उभी होती. मला मान्य करायला हवं, ती दिसत होती अप्रतिम. छताच्या काचेतून ऊन तिच्या पाठीवर पडलेलं. काका दारातच थबकले. सहा वर्षं जिला त्यांनी टेबलावर हातहातभर तुकड्यांत पाहिलं, तिला पहिल्यांदा सबंध पाहत होते. डोळे भरून आले त्यांचे. डोक्यापासून ते पाहत गेले. मान, पाठ, कंबर. मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत होते, म्हातारीकडे नाही. नजर शेपटीवर उतरली. सरकली. थांबली.

ते पुढे गेले, वाकले आणि शेपटीच्या त्या जागेवर बोट फिरवलं. मग परत फिरवलं. मग जरा मागं, दुसऱ्या एका जागी. मुलं वाट पाहत होती. "मिस्टर मो, हिंग सांगा ना!" पूर्वी येऊन गेलेली एक मुलगी ओरडली.

काका वळले. त्यांनी लोणच्याची गोष्ट सगळी सांगितली, एक शब्द न गाळता. मुलं ओरडली. फोटोग्राफरनं फोटो काढला. त्या फोटोत मी त्यांच्या मागं उभी आहे, हसते आहे. तो फोटो मी अजून उलटा करून ठेवते.

गर्दी ओसरल्यावर ते स्वतःच कॅरनकडे गेले. सांगितलं की चौथा आणि आठवा मणका एकमेकांच्या जागी बसले आहेत. ते बदलता आले असते. पण गॅरीला बोलावल्यावर निघालं ते वेगळंच. हाडं बसत नाहीत असं पाहून त्यानं दोन्हींच्या कडा चाकावर घासल्या होत्या. यादीत तसं होतं, म्हणाला. त्याला वाटलं, हाडच वेडंवाकडं असेल. सात कोटी वर्षं जे टिकलं होतं, ते एका दुपारी नखभर कमी झालं होतं.

सोमवारी बैठक झाली. कॅरन, बोर्डाचे दोघं, काका आणि मी. टेबलावर वही आणि माझी यादी.

कॅरननं मलाच विचारलं. आवाज मऊ होता. "इथं काही अस्पष्ट होतं का? तुला शंका आली होती का?"

काका माझ्याकडे पाहत नव्हते. त्यांचा उजवा हात थरथरत होता आणि त्यांनी तो डाव्या हातानं दाबून धरला होता. बोर्डानं माझ्या कागदांवर अजून सही केली नव्हती. सगळं मला एकदम दिसत होतं.

"तसंच लिहिलं होतं," मी म्हणाले.

तीन शब्द. खोटा म्हणावा तर त्यातला एकही नाही.

काकांनी मान वर केली. माझ्याकडे पाहिलं, फार वेळ नाही. मग शाळेतल्या मुलासारखा एक हात वर करून म्हणाले, "इट इज माय एट. माय एट इज बॅड."

बोर्डातल्या एकानं अगदी सभ्यपणे त्यांच्या वयाचा उल्लेख केला. दुसऱ्यानं हाताच्या थरथरीचा. निर्णय सौम्य शब्दांत आला. तळघराची किल्ली परत. डोकं दुसऱ्या राज्यातल्या प्रयोगशाळेत पाठवायचं. शनिवारचा कार्यक्रम सुरू राहील, मात्र खऱ्या तुकड्याऐवजी प्लास्टिकचा ठेवायचा, खरं हाड यापुढं कुणाच्या हाती द्यायचं नाही.

काकांनी किल्ली टेबलावर ठेवली. मग विचारलं, "डोकं नेतील तेव्हा मी यावं का? कवच कुठं कच्चं आहे ते मला माहीत आहे."

"आम्ही नीट पॅक करू, मिस्टर मो," कॅरन म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. माझ्या नव्हतं.

मला गाडी चालवता येत नव्हती. नेहमीसारखं काकांनीच घरी सोडलं. त्यांची जुनी, पलंगाएवढी गाडी. बाहेर मक्याची कापलेली शेतं मागं जात होती.

"दोन चार दिसले ना पानावर?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मग आठ कुठल्याला केलंस?"

"खालच्या."

"का?"

"आठ नंतर येतो म्हणून."

त्यांनी मान हलवली, परीक्षेतलं उत्तर तपासल्यासारखी. रागवावं, गाडी थांबवावी, उतर म्हणावं, अशी मी वाट पाहत होते. त्यांनी हीटर जरा वाढवला.

"फोन केला असतास तर," ते म्हणाले, "ताईनं उचलला असता. त्या दिवशी ती बसली होती उठून. फोनच्या शेजारीच."

एवढंच. घरापाशी उतरताना मी म्हणाले, "काका, मी उद्या कॅरनला सांगते." ते म्हणाले, "तुझे कागद कधी जायचे आहेत?" मी म्हणाले, मंगळवारी. म्हणजे उद्याच. त्यांनी गाडी मागं घेतली. दुसऱ्या दिवशी मी कॅरनकडे गेले नाही. कागद गेले, सही झाली, हिवाळा संपता संपता माझा व्हिसा आला, आणि गळ्यात माझ्या नावाचा बॅज. प्लास्टिकच्या तुकड्याशी काका एक शनिवार उभे राहिले. मुलांनी हात लावला आणि काढून घेतला. परत आले नाहीत.

शरयूकाकू एकदा भेंडी-मिरच्या घ्यायला आलेल्या, इंडियन दुकानात भेटल्या. "हल्ली घरातच असतात," म्हणाल्या. "डब्याची झाकणं घासतात टूथब्रशनं. माझी एवढी सेवा कधी नव्हती झाली." त्या हसल्या, मला हसता आलं नाही. मी भाजी न घेताच बाहेर आले. त्यांना काहीच माहीत नव्हतं. काकांनी घरीसुद्धा सांगितलं नव्हतं.

डोकं आलं २००८ च्या वसंतात. दुसऱ्यांनी उघडलेलं, सुरेख केलेलं. नक्कल काढून ते म्हातारीच्या मानेवर बसवलं. मी स्वतःच काकांना निमंत्रण पाठवलं, पाकिटावर नाव माझ्या अक्षरात. येतील असं वाटलं नव्हतं. आले. तोच पांढरा शर्ट, खिसा रिकामा. काकू बाकावर बसल्या, काका तिसरीच्या मुलांच्या रांगेत जाऊन उभे राहिले. रांग सोडून पुढं यायला मी सांगितलं, तर म्हणाले, "नको गं वैशाली. यांच्याबरोबर बरं आहे."

मी दाराशी जाऊन उभी राहिले. रांग सरकत डोक्यापाशी आली. काका बराच वेळ वर पाहत राहिले. त्यांच्या पुढच्या मुलीनं विचारलं, हिचं नाव काय? पाटीवर मोठं लॅटिन नाव होतं. काका म्हणाले, "म्हातारी."

"माटारी?"

"क्लोज इनफ."

मग ते रांगेबरोबर शेपटीकडे गेले. चौथ्या मणक्याच्या कडेला आम्ही भरलेलं प्लास्टर खऱ्या हाडापेक्षा फिकं दिसतं. माहीत असलेल्यालाच दिसतं. काका दोरीवरून वाकले. त्यांचा उजवा हात हळूहळू त्या फिक्या डागाकडे निघाला. बोटभर अंतर राहिलं असेल.

"सर! प्लीज डू नॉट टच." नवी गार्ड बाई. तिला ते कोण ते ठाऊक नव्हतं.

मी दहा पावलांवर होते. गळ्यात बॅज होता. एक शब्द बोलले असते तर तिनं त्यांना हात लावू दिला असता. त्याच शब्दामागून बाकीचं सगळं बाहेर आलं असतं, म्हणून की काय, तो आला नाही.

काकांनी हात मागं घेतला. मग दोन्ही हात वर उचलले, खांद्याच्या वर, तळवे समोर, तळघरातल्यासारखे. पुढच्या मुलीला वाटलं हा खेळ आहे. तिनंही केले. तिच्या मागच्यानं केले. बघता बघता तिसरीचा सगळा वर्ग म्हातारीभोवती हात वर करून उभा राहिला, हसत, आणि ती गार्डसुद्धा हसून हात वर करून उभी राहिली. बाकावरून काकूंनीही केले. त्या सगळ्यांच्या मधोमध ते दोन लांब, थरथरणारे हात.

हॉलमध्ये तेवढे माझेच खाली होते.